एकाच एस्टीतले शब्द

मी आयुष्यात बिनचूक टाइप केलेला पहिला अवघड इंग्रजी शब्द 'डायरिया' हा होता. एकदा नाही, पानभर. दिग्रसच्या दुसऱ्या टायपिंग क्लासात पोरी आळशी कुत्र्यावरून उडी मारणाऱ्या कोल्ह्याचं ते जगप्रसिद्ध वाक्य बडवायच्या, आणि आमच्या कागदावर हगवण, पायोरिया, पडसं आणि रक्तस्राव गुण्यागोविंदानं नांदत असायचे. शेवटी हिराबोळसुद्धा होता. तो कागद मी घरी नेला, पण कुणाला वाचून दाखवला नाही.

याला कारण आमचे सर. त्यांचं टायपिंगचं शास्त्रच निराळं होतं. बोटांना अर्थ कळत नाही, वळण कळतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते दर सोमवारी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तीन-चार इंग्रजी अक्षरं लिहायचे, आणि ती अक्षरं त्याच क्रमानं ज्यांच्या पोटात आहेत असे शब्द आम्ही आठवडाभर टाइप करायचे. हगवणीच्या आठवड्याची अक्षरं आर-आर-एच होती.

एवढ्यावर थांबले असते तर लोकांनी त्यांना हुशार मास्तर म्हटलं असतं. पण शब्दाचा अर्थ, त्याचं मूळ गाव, त्याचा बाप आणि तो इंग्रजीत कसा येऊन पडला हे सगळं सांगून झाल्याशिवाय ते आम्हाला मशीनला हात लावू देत नसत. तासातली वीस मिनिटं त्यातच जायची.

"आर-एच-ओ म्हंजे ग्रीकांत वाहणं," ते सांगायचे. "खालतं वाहते थे पडसं. आरपार वाहते थे तुमाले माहीत हाये. पू वाहते थो पायोरिया. रक्ताचं मात्र वाहणं नाई, फुटणं हाये, त्याचा धातू वेगळा. अन् हा शेवटचा, मिर. म्हंजे आपला हिराबोळ, बाळंतिणीले देतात थो. याचं त्या खानदानाशी काही नातं नाई. हा अरबाकडून आला, याचा अर्थ कडू. अक्षरं सारखी दिसतात म्हणून याले त्यायचा भाऊ समजू नका. हे सारे एकाच एस्टीत बसलेले हायेत, बस."

हे एस्टीचं त्यांचं पालुपद होतं. वर्गात एका आडनावाची दोन पोरं आली की ते विचारायचे, "घरचे की एस्टीतले?" नवी पोरं गोंधळायची. जुन्या पोरांनी उत्तर पाठ केलेलं असायचं.

आम्ही पाठीमागे त्यांना 'डिक्शनरी' म्हणायचो. डिक्शनरी आली, डिक्शनरी तापली, डिक्शनरीला आज सर्दी आहे. शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळे सरांबद्दल बोलताना आम्ही सगळेच तिचं, तिला, असं बोलत असू आणि त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटत नसे. खरी डिक्शनरी युरियाच्या रिकाम्या थैलीत गुंडाळून त्यांच्या सायकलच्या कॅरियरला बांधलेली असायची. उशीसारखी जाड. क्लासच्या मागच्याच खोलीत ते एकटे राहायचे, पण भाजी आणायला निघाले तरी ती बरोबर घेत. भाजीवालीशी बोलताना एखादा शब्द अडला तर, असं त्यांचं कारण. भाजीवाली इंग्रजीत कधी बोलायची हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

उंच, हडकुळे, वर्षभर पांढरा टेरिकॉटचा शर्ट. शिकवताना ते आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभे राहत. सतरा मशिनी एकदम खडखडत असायच्या, पण कुठल्या मशीनवर कोण चुकलं हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं. "पाच नंबर, करंगळीनं मार, मधल्या बोटानं नको." पाच नंबरवाली ओशाळून करंगळी सरळ करायची.

मशिनींवर त्यांचा जीव होता. जुन्या धोतरांचे तुकडे शिवून त्यांनी प्रत्येकीला झाकण केलं होतं. क्लास जिनिंगच्या रस्त्यावर होता; जिनिंग किंवा जीन म्हणजे कापसातली सरकी काढून रुई करणारी गिरणी. हंगामात रुईची बारीक तूस हवेत तरंगत यायची आणि मशिनींच्या पोटात जाऊन बसायची. ई आणि ओ या अक्षरांची पोटं तर भरूनच जायची, मग कागदावर नुसते काळे ठिपके उमटत. सर दर शनिवारी दात घासायचा जुना ब्रश आणि थोडं रॉकेल घेऊन सगळ्या मशिनी साफ करत बसायचे. "जीन म्हंजे एंजिनच, पुढचा डबा तुटलेलं," हे सांगायला तेव्हाही चुकत नसत.

आमच्या क्लासात त्या वर्षांत फार गर्दी होती, आणि ती काही इंग्रजीच्या प्रेमानं झालेली नव्हती. ती कापसाची वाईट वर्षं. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं आणि चांगल्या बातमीत कधी यायचं नाही. जिनिंगचे हंगाम आखूड होत चालले होते, दोन-तीन जिनिंगं तर बंदच पडली होती. ज्याच्या घरात कापूस होता, मग तो वावरात असो की जीनात, त्या प्रत्येकाला आपलं पोर कापसातून बाहेर काढायचं होतं. टायपिंग हा त्यातल्या त्यात जवळचा दरवाजा.

माझे बाबा जीनात मशीनवर होते. बावीस हंगाम एकाच जागी उभे राहून त्यांनी मशीनला कापूस चारला होता. शाळा चौथीपर्यंत, पण शब्दांचा नाद सरांइतकाच. संध्याकाळी अंगावरची रुई झटकून, गुळाचा खडा तोंडात टाकून (जीनातली सगळी माणसं खातात, धूळ उतरते म्हणून) ते मला पहिलं हेच विचारायचे, "आज कोन आलतं एस्टीत?"

मग मी सांगायची. सी-ओ-टी-टीचा आठवडा त्यांना सगळ्यात आवडला होता. कॉटन हा मूळ अरबाचा शब्द. कॉटेज ही इंग्रजाची जुनी झोपडी, तिचा कापसाशी संबंध नाही. टेराकोटा म्हणजे इटलीची भाजलेली माती. रिकोटा म्हणजे एकदा उकळलेलं पुन्हा उकळून केलेलं पनीर. आणि बॉयकॉट हे तर चक्क एका गोऱ्या साहेबाचं आडनाव. आयर्लंड देशात तो जमीनदाराचा कारभारी होता. कुळांना छळायचा, म्हणून अख्ख्या मुलखानं त्याला वाळीत टाकलं. ना कुणी त्याचं पीक कापायचं, ना कुणी त्याला किराणा द्यायचं.

बाबांचा घास हातातच राहिला. "साहेबालेच वाळीत टाकलं?"

"हो."

आमच्या घराण्याला वाळीत पडण्याचा अनुभव दांडगा होता, टाकण्याचा कुणालाच नव्हता. बाबा खूप वेळ हसत होते. "माह्या आज्यानं हे ऐकलं असतं तं लाडू वाटले असते," म्हणाले, आणि हसता हसता त्यांना खोकला आला, तो थांबेना. आई पाणी घेऊन आली.

या सी-ओ-टी-टीनं माझं मात्र वाटोळं केलं. परीक्षेला आपापल्या मशिनी यवतमाळला न्याव्या लागत. सर टेम्पो ठरवायचे, तळाशी जुन्या गाद्या, गाद्यांवर मशिनी आणि मशिनींच्या मधोमध सर, दोन हात दोन मशिनींवर ठेवून. वाटेतल्या दारव्ह्यापर्यंतचा एकेक खड्डा त्यांना तोंडपाठ होता. इतकं जपून नेलेल्या मशीनवर मी बसले आणि स्पीडच्या उताऱ्यात नेमका 'कॉटेज' आला. बोटांनी तो आपला आपण मारला असता. पण माझ्या डोक्यात झोपडी आली, मग अरब आला, मग भाजलेली माती, मग तो साहेब. शुद्धीवर आले तेव्हा घंटा झाली होती.

बाहेर सरांनी विचारलं, "कुठं अडली?"

"कॉटेजवर."

त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जो आनंद दिसला तो पुढं पास झालेल्यांच्या वाट्यालाही आला नाही. मला इतका राग आला की परतीच्या वाटेवर मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. सहा महिन्यांनी दुसऱ्या खेपेला मी पास झाले, कारण त्या उताऱ्यात एकही बरा शब्द नव्हता.

बाबांच्या खोकल्याचं सांगायला हवं. त्यांना दोन-तीन हंगाम दम लागत होता. गावात दम्याच्या गोळ्या झाल्या, टीबीची तपासणी दोनदा झाली, तिच्यात काही निघालं नाही. पण या दम्याची एक तऱ्हा होती. बाजाराच्या दिवशी जीन बंद असायचं. त्या दिवशी बाबा घरी निजून काढत, आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले की संध्याकाळपर्यंत छातीवर कुणी पोतं ठेवल्यासारखं व्हायचं. मग रोज थोडं थोडं हलकं वाटायचं. जीनातल्या बऱ्याच जणांचं असंच होतं आणि सगळ्यांनी मिळून त्याचा एक अर्थ लावला होता. सुट्टी भोवते. अंगाला कामाची सवय असते, बसलं की छाती धरते. म्हणून बाबांनी सुट्टीच सोडली. बाजाराच्या दिवशी गोदाम झाडायचं काम निघे, ते त्यांनी आपण होऊन मागून घेतलं. दोन हंगामांत त्यांनी एक दिवस खाडा केला नव्हता. आम्हालाही ते पटलं होतं. आई तर शेजारणीला सांगायची, सुट्टी बंद केल्यापासून बरंच बरं आहे. बरं नव्हतं. त्यांना घराचा ओटा चढला तरी थांबावं लागत होतं.

तो सोमवार मला लख्ख आठवतो. फळ्यावर बी-वाय-एस-एस. सर रंगात आले होते. "अबिस म्हंजे ज्याले तळ नाई अशी खोली. अ म्हंजे नाई, बिसॉस म्हंजे तळ. दुसरा ॲबिसिनिया. याचा तळाशी संबंध नाई. अरब लोक त्या मुलखाले हबश म्हणत. आपण हबशी म्हणतो ना, थोच. तिसरा बिसस. जुन्या काळचं तलम कापड. राजे अंगावर घालत, मिसर देशात, म्हंजे इजिप्तात, मढी गुंडाळत. आता हा चवथा पाहा, बिसिनोसिस. हा मात्र बिससचा सख्खा पोरगा हाये, एस्टीतला नाई." आणि त्यांनी कोशातला मजकूर वाचून मराठीत सांगितला. कापसाची, तागाची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेल्यानं होणारा विकार. छाती आवळते, दम लागतो. आठवड्याच्या सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी त्रास सगळ्यात जास्त.

"डॉक्टर लोकायनं नाव पाहा काय ठेवलं," सर म्हणाले. "राजाच्या कपड्याचं नाव मजुराच्या रोगाले. चला, टायपा."

सगळ्या मशिनी सुरू झाल्या. सर खिडकीकडे वळले. थोड्या वेळानं मागं न वळताच म्हणाले, "तीन नंबर काहून थांबली?"

तीन नंबर मी होते. माझी बोटं कळांवर होती आणि मला पुढचं अक्षर दिसत नव्हतं. मी उठून बाहेर ओसरीत गेले. सर मागोमाग आले, आणि मी त्यांना बाबांचं सगळं सांगितलं. सुट्टीचं सांगितलं तेव्हा त्यांनी आमच्या घराचा पत्ता विचारला.

सर कुणाच्या घरी जात नसत. त्या संध्याकाळी ते आमच्या घरी आले, युरियाच्या थैलीसकट. नमस्कार करावा की जयभीम म्हणावं या विचारात दारात क्षणभर अडकले आणि मग दोन्ही म्हणाले. बाबांनी खाट झटकली. सरांनी थैली सोडली, पान काढलं आणि वाचून दाखवलं.

बाबा हसले. "माहा दमा इंग्रजांच्या पुस्तकात लिवला हाये म्हनता?"

"तुमचा दमा नाई भाऊ, तुमचं वेळापत्रक लिवलं हाये."

"पन गुरुजी, मले सुट्टीनंच होते ना. सुट्टी घेतली का धरते."

"सुट्टीनं नाई होत. सुट्टीत छाती मोकळी होते, म्हणून दुसऱ्या दिवशी धूळ गेली का कळते. रोज गेली का कळनं बंद होते. बंद होते थे दुखणं नाई, कळनं."

बाबांना हे पटलं नाही. का पटावं? एक टायपिंग मास्तर आणि एक पुस्तक एकीकडे, आणि अख्ख्या जीनाचा अनुभव दुसरीकडे. सरांनी वाद घातला नाही. त्यांनी खिशातून स्पीड घेण्याचं घड्याळ काढलं आणि म्हणाले, "एका दमात एकपासून किती आकडे म्हनता येतात, म्हना."

बाबांना पैज कळत होती. त्यांनी छाती भरून घेतली. बावीसवर खोकला आला. सरांनी कागदावर लिहिलं. मग म्हणाले, "येत्या बाजारी एकच सुट्टी घ्या. इलाजासाठी नाई, मोजासाठी."

चार आठवडे हे चाललं. सुट्टी घ्यायची, सुट्टीच्या संध्याकाळी मोजायचं, दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर मोजायचं आणि मग रोज. सुट्टीच्या संध्याकाळी बाबा चौतीसपर्यंत जायचे. दुसऱ्या संध्याकाळी एकोणीसवर अडायचे. सर रोज सायकल मारत यायचे. मध्ये खोकला आला की एक चूक धरायचे आणि आमच्या स्पीडसारखे तितके आकडे कापायचे. बाबा त्यावरून भांडायचे, "तो खोकला नोता, ठसका होता." शेवटी सरांनी सगळा तक्ता टाइप केला, तारीख, वार, एकूण, चुका, निव्वळ. कार्बन घालून दोन प्रती. एकही खाडाखोड नाही.

तो कागद घेऊन आम्ही तिघं एस्टीनं यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी एक्स-रे पाहिला, जुने रिपोर्ट पाहिले, मग तक्ता हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

"हे कुणी मोजलं?"

"मी," सर म्हणाले. "स्पीडचा अनुभव हाये."

बाईंनी छाती तपासली, नळीत फुंकर मारायला लावली. म्हणाल्या, या रोगाचं नाव त्यांनी परीक्षेपुरतं वाचलं होतं, असा पेशंट समोर बसलेला पाहिला नव्हता. सरांनी लगेच बिसस, राजे, मिसर देशातली मढी, सगळं सांगायला घेतलं. मागं रांग लागली होती. बाईंनी ते ऐकून घेतलं हे त्यांचे उपकार. मग त्या बाबांकडे वळल्या. "बाबा, औषध मी देते. पण खरं औषध एकच आहे, धूळ सोडायची. आता सोडली तर आहे तेवढी छाती शाबूत राहील."

"अन् नाई सोडली तं?"

"मग रोजच सुट्टीचा दुसरा दिवस."

परतीच्या एस्टीत बाबा खिडकीशी बसले होते. दारव्हा मागं पडल्यावर म्हणाले, "गुरुजी, बावीस हंगाम झाले. मले दुसरं काय येते?" आयुष्यात पहिल्यांदा सरांकडे शब्द नव्हता असं मी म्हणणार होते, पण खरं म्हणजे त्यांना झोप लागली होती.

दुसऱ्या दिवशी बाबा कामावर गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. आई रडली, मी अबोला धरला, काही उपयोग झाला नाही. जीन म्हणजे काही त्यांचं लाडकं काम नव्हतं, पण गावातली जिनिंगं एकेक बंद पडत असताना आपण होऊन काम सोडणाऱ्याला लोक बह्याड, म्हणजे खुळा, म्हणाले असते, आणि बाबांना त्याची भीती छातीपेक्षा मोठी वाटत होती.

शनिवारी सरांनी त्यांना क्लासात बोलावलं. मी कोपऱ्यात उभी होते. सरांनी माझ्या तीन नंबरचं झाकण काढलं, मशीन आडवी केली आणि ब्रश घेऊन पोटातली रुई काढायला लागले. दांड्यांच्या खालून, चाकांच्या मधून, ईच्या पोटातून, ओच्या पोटातून. सगळी गोळा करून त्यांनी तिची गोळी वळली, लिंबाएवढी झाली, आणि ती बाबांच्या तळहातावर ठेवली.

"हे आठ दिवसांचं. जीनापासून दोनशे पावलांवर, खिडक्या लावून. मशीन मी दर शनिवारी साफ करतो. तुमाले आतून साफ करता येत नाई, भाऊ."

बाबांनी गोळी बोटांनी दाबून पाहिली. कापूस किती आहे हे हातानं ओळखण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी मूठ मिटली आणि म्हणाले, "लिवा अर्ज."

तो अर्ज हा सरांनी केलेला एकमेव व्यावहारिक पराक्रम. काम सोडायचा नाही, जागा बदलून मागायचा अर्ज, एक पान, इंग्रजीत, आणि मधोमध तो शब्द मोठ्या अक्षरांत. जीनाच्या मॅनेजरनं तो सरांसमोर दोनदा वाचला.

"हा कायदा आहे का?"

"नाई, रोग हाये."

"लागट आहे?"

"लागट नाई. पण तुमच्याकडं बराच पसरलेला हाये."

मॅनेजर घाबरला तो नेमका कशाला, हे आम्हाला कधी कळलं नाही. पण बाबांना त्याच आठवड्यात फाटकावर बसवलं, मशीनपासून लांब, रस्त्याच्या कडेला कडुलिंबाखाली, गाड्यांची नोंद करायला. पहिले काही दिवस ते रागावलेले असायचे, नुसतं बसून पाय दुखतात म्हणायचे. उन्हाळा येईस्तोवर ते एका दमात एकेचाळीसपर्यंत गेले. पुढं ते जीनही बंद पडलं, तेव्हा त्यांनी रोपवाटिकेत पाणी द्यायचं काम धरलं.

त्यानंतर जीनातली आणखी माणसं संध्याकाळी क्लासात यायला लागली, मोजून घ्यायला. सर आमचा तास थांबवून त्यांचे आकडे घ्यायचे आणि तक्ते टाइप करून द्यायचे. काहींनी काम बदललं, काहींनी निदान सुट्टी घ्यायला सुरुवात केली. बाबांच्या जोडीचे एक काका मात्र हसले होते, पुस्तकात पाहून कुणाला दमा होते का म्हणाले होते. ते पुढच्या हंगामात गेले.

मला कोर्टात नोकरी लागली तेव्हा मी पेढे घेऊन सरांकडे गेले. तोवर क्लास जवळजवळ बंद झाला होता, सगळे कॉम्प्युटरकडे पळाले होते. सतरा मशिनी धोतराच्या झाकणांखाली ओळीनं बसलेल्या, आणि सर ब्रश घेऊन त्यांच्यात. मी ठरवून गेले होते की आज नीट बोलायचंच. म्हटलं, "सर, तुम्ही नसता तर बाबा आज नसते."

ते गडबडले. पेढ्याचा कागद उगाच घडी करत बसले. "मी काय केलं? त्या सोमवारी मी बी-वाय-एस-एसवर होतो. दुसरं काही लिवलं असतं तं?"

मी त्यावर खूप विचार केला आहे. त्यांचं खरं होतं, योगायोगच होता. पण कुणाच्या कामाचे नसलेले शब्द तीस वर्षं एकेक करून गोळा करायचे, सोबत घेऊन भाजीला जायचं, लोकांनी हसावं तरी सोडायचं नाही, तेव्हा कुठं असा योगायोग एखाद्याच्या दारात येतो. आणि शब्द सापडल्यावर पुस्तक मिटून न ठेवता सायकल काढायची, हा तर योगायोग नव्हताच. माझ्या बापाला कुणी सहज म्हणून वाचवलेलं नाही. मी त्यांची ऋणी आहे, आणि हे त्यांच्या तोंडावर धड सांगू शकले नाही याची चुटपुट अजून आहे.

सर गेले ते एका हिवाळ्यात, दुपारी, वाचता वाचता. अमरावतीहून पुतण्या आला. जुने विद्यार्थी जमले, पण बहुतेक सगळे गाव सोडून गेलेले, त्यामुळे माणसं थोडी होती. बाबा दुसऱ्या दिवशी सकाळपासूनच क्लासच्या ओसरीत उभे होते. सत्तरी गाठलेली, आणि सरांच्या नात्यातले, जातीतले, कुणी नव्हेत. तिरडी उचलायची वेळ आली तेव्हा ते कुणाला न विचारता पुढच्या डाव्या बाजूला गेले आणि खांदा दिला. पुतण्यानं त्यांच्याकडे पाहिलं आणि मडकं घेऊन पुढं चालायला लागला.

मसणवटा दीड किलोमीटर, शेवटी चढ. मी मागून चालत होते आणि माझं सगळं लक्ष बाबांच्या पाठीकडे होतं. बाकी तीन कोपऱ्यांवरची माणसं दोनदा-तीनदा बदलली. चढाच्या पायथ्याशी एक तरुण माणूस बाबांजवळ आला आणि हळूच म्हणाला, "काका, द्या इकडं. थकले असान."

बाबांनी मान न वळवता सांगितलं, "राहू दे बाबू. मले दम नाई लागून राह्यला."

आणि खरंच लागत नव्हता.